‘पर्यंत’, ‘बंद’, ‘शंका’ : इंदूरच्या मराठी घरातली इंग्रजीची जुनी खोट आणि तिची दुरुस्ती

‘ही सेड मी.’ ‘आय विल कम टिल फाइव्ह.’ ‘क्लोज द फॅन.’ ‘वी वन देम.’ ‘रिमेंबर मी टुमॉरो.’ ‘आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर सिन्स टू डेज.’

रामबाग असो, लोकमान्य नगर असो, भंवरकुआँवरचे क्लास असोत की विजय नगरमधली ऑफिसं, ही वाक्यं सगळीकडे भेटतात. बोलणाऱ्याला शब्द ठाऊक असतो, स्पेलिंगही येतं, तरी वाक्य फसतं. कुणी दुरुस्त करून दिलं की आठवडाभर बरं चालतं आणि मग तीच चूक दुसऱ्या वाक्यात डोकं काढते. एकेक वाक्य सुधारून ही खोट जात नाही, कारण खोट वाक्यात नसते. शब्द डोक्यात ज्या पद्धतीने साठवलाय, तिथे ती असते.

शब्द पाठ करताना आपण बरोबरचं चिन्ह टाकतो. ‘से’ बरोबर कहना, ‘टेल’ बरोबर कहना. ‘लुक’ बरोबर देखना, ‘सी’ बरोबर देखना. उजवीकडचा शब्द एकच असला की डावीकडचे दोन आपोआप एकमेकांच्या जागी बसायला लागतात. इंदुरात यात आणखी एक पदर आहे. घरी मराठी, शाळेत आणि रस्त्यावर हिंदी, आणि इंग्रजी आली ती हिंदीच्या खांद्यावर बसून. मराठीने घरात जो फरक मूल तीन वर्षांचं असतानाच शिकवलेला असतो, तो हिंदी अर्थ पाठ करताना पुसला जातो. म्हणून पहिली दुरुस्ती अशी : जोडी अडली की दोन्ही भाषांत तिचे अर्थ काढायचे आणि ज्या भाषेत त्यांचे दोन वेगळे शब्द होतात ती भाषा पूल म्हणून घ्यायची.

मराठीचा पूल कुठे भक्कम आहे

से, टेल, स्पीक. इंदुरी हिंदीत ‘उसने मेरे को बोला’ हे एकच वाक्य तिन्हींचं काम करतं. मराठीत म्हणणे, सांगणे आणि बोलणे हे तीन शब्द आहेत, आणि ते जवळजवळ जसेच्या तसे बसतात. म्हणणे म्हणजे से, सांगणे म्हणजे टेल, बोलणे म्हणजे स्पीक किंवा टॉक. ‘तो म्हणाला की उशीर होईल’ – ही सेड ही वुड बी लेट. ‘त्याने मला सांगितलं’ – ही टोल्ड मी. ‘ती चार भाषा बोलते’ – शी स्पीक्स फोर लँग्वेजेस.

गळती एकाच जागी आहे. मराठीत ‘तो मला म्हणाला’ असंही चालतं, आणि तिथूनच ‘ही सेड मी’ निघतं. इंग्रजीत ‘से’नंतर माणूस आणायचा तर मध्ये ‘टू’ लागतो : ही सेड टू मी. ‘टेल’ला मात्र माणूस लगेच हवा, मध्ये ‘टू’ नको. ‘ही टोल्ड टू मी’ ही या दुरुस्तीतून जन्मणारी नवी चूक आहे, तिच्यावर लक्ष ठेवा. माणसाशिवाय ‘टेल’ चालतो अशी ठरावीक ठिकाणं थोडीच आहेत : टेल द ट्रुथ, टेल अ लाय, टेल अ स्टोरी, टेल द टाइम, टेल द डिफरन्स. ती घोकून टाकावीत, त्यात लाज नाही.

‘डिस्कस’चं दुखणंही याच घरातलं. ‘त्याविषयी चर्चा केली’ यातला ‘विषयी’ ओढत नेला की ‘डिस्कस्ड अबाउट इट’ होतं. ‘डिस्कस’च्या पोटातच ‘विषयी’ आहे, म्हणून नुसतं ‘वी डिस्कस्ड इट’. ‘टॉक’च्या पोटात तो नाही, म्हणून ‘टॉक्ड अबाउट इट’.

सी आणि लुक, हिअर आणि लिसन. यासाठी मराठी वाक्य ‘मला’ने सुरू होतं की ‘मी’ने, एवढंच बघायचं. मला दिसलं – आय सॉ. मी बघितलं – आय लुक्ट. मला ऐकू आलं – आय हर्ड. मी ऐकत होतो – आय वॉज लिसनिंग. ‘मला’ असेल तर गोष्ट आपोआप घडली, ‘मी’ असेल तर मुद्दाम केली. इंग्रजीला नेमका हाच फरक हवा असतो. फोनवर ‘आवाज येतोय का?’ विचारायचं असेल तर ‘कॅन यू हिअर मी?’ आणि समोरचा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला असेल तर ‘आर यू लिसनिंग?’ पहिला प्रश्न नेटवर्कचा आहे, दुसरा माणसाचा.

इथे दोन बारकावे आहेत. ‘लुक’ला पुढे ‘ॲट’ आणि ‘लिसन’ला पुढे ‘टू’ लागतो, कारण मुद्दाम केलेल्या कामाला दिशा लागते. आणि ‘मला दिसतंय’चं ‘आय ॲम सीइंग’ होत नाही. आपोआप घडणाऱ्या क्रियेला इंग्रजी सहसा ‘इंग’ लावत नाही, तिथे ‘आय कॅन सी’ म्हणतात. तिसरा शब्द ‘वॉच’. समोरची वस्तू हलती, बदलती असेल आणि आपण काही वेळ तिच्यावर नजर ठेवून असलो तर वॉच : मॅच, टीव्ही, गॅसवरचं दूध. फोटोकडे ‘लुक ॲट’ करतात. त्याला ‘वॉच’ केलं तर फोटो पळून जाईल अशी भीती असावी लागेल.

रीड आणि स्टडी. हिंदीत ‘दसवीं में पढ़ता है’ आणि ‘अख़बार पढ़ता है’ यांत क्रियापद एकच. मराठीत शिकतो आणि वाचतो. मराठी घरातलं मूल ‘आय रीड इन टेन्थ’ लिहितं तेव्हा ते हिंदीत विचार करून लिहितंय हे नक्की समजा.

टॉल आणि लाँग. हिंदीत माणूस ‘लंबा’ असतो, म्हणून ‘ही इज लाँग’. मराठीत तो उंच असतो, चूक तिथेच थांबते. पुढे मात्र ‘टॉल’ आणि ‘हाय’मध्ये मराठी हात टेकते, कारण दोन्हींना आपण उंचच म्हणतो. कसोटी अशी : वस्तू पायथ्यापासून वर वाढलेली आणि रुंदीच्या मानाने उंच असेल तर टॉल – माणूस, झाड, मनोरा, इमारत. जमिनीपासून ती किती वर आहे हे सांगायचं असेल, किंवा ती आडवी पसरलेली असेल तर हाय – छत, फळी, भिंत, डोंगर. राजवाड्याची सात मजली इमारत टॉल, पण तिच्या सगळ्यात वरच्या मजल्याची खिडकी हाय.

विन आणि बीट. आपण सामना जिंकतो आणि संघाला हरवतो. इंग्रजीही तेच करते : वन द मॅच, बीट द टीम. ‘उनसे जीते’ या हिंदी वळणातून ‘वी वन देम’ येतं. मराठी वाक्य धरून ठेवलं तर ते येणार नाही. फक्त ‘हरवणे’ जपून वापरा, कारण छत्री हरवली की ‘लॉस्ट’ आणि समोरच्या संघाला हरवलं की ‘बीट’. यांची गल्लत झाली तर आपणच हरल्यासारखं होतं.

हिंदीचा पूल कुठे बरा

अभिमान बाजूला ठेवून मान्य करायचं, की काही ठिकाणी हिंदी जास्त नेमकी आहे. आपली ‘सावली’ झाडाचीही आणि माणसाचीही. हिंदीत छाँव आणि परछाईं. छाँव म्हणजे शेड, परछाईं म्हणजे शॅडो. कडुनिंबाखाली बसलो ते शेडमध्ये, भिंतीवर दिसते ती शॅडो. मराठीत ‘पडछाया’ आहे, पण रोजच्या बोलण्यात ती कोण वापरतं?

तसाच ‘शोध’. अमेरिकेचा शोध लागला आणि टेलिफोनचा शोध लावला, मराठीत दोन्ही शोधच. हिंदीत खोज आणि आविष्कार. खोज म्हणजे डिस्कव्हरी, कारण गोष्ट आधीपासून होती. आविष्कार म्हणजे इन्व्हेन्शन, कारण ती नव्हती, ती घडवली.

पण दोन पुलांवरून ये-जा करणाऱ्याला इथे एक खड्डा लागतो. शब्द तोच, पण दोन भाषांत अर्थ वेगळे. मराठीत आविष्कार म्हणजे अभिव्यक्ती, म्हणून तर आपण कलाविष्कार म्हणतो. मराठीत संशोधन म्हणजे रिसर्च, हिंदीत संशोधन म्हणजे अमेंडमेंट, आणि रिसर्चला हिंदीत शोध म्हणतात. १९७६ची ४२वी घटनादुरुस्ती हिंदी पुस्तकात ‘४२वाँ संविधान संशोधन’ असते, म्हणून राज्यसेवेच्या उत्तरात शब्द कुठल्या पुस्तकातून उचलला हे आठवूनच इंग्रजी करायचं. शिक्षा मराठीत पनिशमेंट, हिंदीत एज्युकेशन. प्रकृती मराठीत बहुतेक वेळा हेल्थ, हिंदीत नेचर. चेष्टा मराठीत थट्टा, हिंदीत प्रयत्न. आणि राजीनामा : मराठीत रेझिग्नेशन, तर हिंदी कोर्टकचेरीत राज़ीनामा म्हणजे दोन पक्षांनी आपसात केलेला समझोता. वकिलाच्या टेबलावर ही चूक महागात पडेल. अशा शब्दांची एक वेगळी यादी करून ठेवा. ती दोन पानांच्या वर जाणार नाही.

‘वाढले’ आणि ‘वाढवले’

राइज आणि रेज, लाय आणि ले, यांच्यात अडखळणाऱ्याला सहसा नियम सांगतात : एक अकर्मक, एक सकर्मक. नियम खरा आहे, पण बोलताना तो आठवत नाही. त्यापेक्षा मराठीला विचारा. दुधाचे भाव वाढले – रोझ. डेअरीने भाव वाढवले – रेज्ड. ‘व’ आला की रेज. ‘दर वाढले’ म्हणताना आपल्या मनात ‘कुणी?’ हा प्रश्न येत नाही, ‘वाढवले’ म्हटलं की येतो. तो प्रश्न आला की दुसरा शब्द.

यामागचं कारण मजेशीर आहे. मराठीत पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे अशा जोड्या स्वर बदलून होतात. इंग्रजी ज्या जर्मानिक कुळातली आहे त्या भाषांतही एके काळी हेच यंत्र चालू होतं. सिट आणि सेट, लाय आणि ले, फॉल आणि फेल हे त्याचे उरलेले सांगाडे. ‘रेज’ उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या जुन्या भाषेतून आला, पण तोही त्याच घडणीचा. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. फॉल म्हणजे पडणे, फेल म्हणजे पाडणे, तेही मुख्यतः झाड. यंत्र इंग्रजीत कधीच बंद पडलंय, म्हणून जोड्या मोजक्याच आहेत. बाकी ठिकाणी इंग्रजी एकाच शब्दावर भागवते : पाणी उकळलं आणि मी पाणी उकळलं, दोन्हीकडे बॉइल. मराठीतही तिथे फरक नाहीच.

खरा गोंधळ लाय-लेचा, आणि तो अर्थाचा नसून रूपांचा आहे. आडवं पडणे : लाय, भूतकाळ ले, तिसरं रूप लेन, इंग रूप लाइंग. ठेवणे किंवा आडवं घालणे : ले, लेड, लेड, लेइंग. खोटं बोलणे : लाय, लाइड, लाइड, लाइंग. म्हणजे पहिल्याचा भूतकाळ आणि दुसऱ्याचं मूळ रूप उच्चारात आणि स्पेलिंगमध्येही एकच. ‘काल दुपारी मी आडवा झालो’ याचं बरोबर इंग्रजी ‘आय ले डाउन’. ‘आय लेड डाउन’ चूक. इंग्रजी मातृभाषा असणारेही इथे सर्रास घसरतात, म्हणून बोलण्यात फार मनावर घेऊ नका. परीक्षेत आणि लेखी कामात मात्र घ्या.

याच धाटणीत, पण वेगळ्या शब्दांनी होणाऱ्या जोड्या : शिकणे लर्न, शिकवणे टीच. खाणे ईट, भरवणे फीड. दिसणे सी, दाखवणे शो. आठवणे रिमेंबर, आठवण करून देणे रिमाइंड. शेवटच्या जोडीत चूक का होते ते मराठीतच दिसतं. आपण आळशीपणाने ‘मला उद्या आठवण कर’ म्हणतो, ‘करून दे’ गिळतो, आणि त्याचं ‘रिमेंबर मी’ होतं. ऐकणाऱ्याला ते निरोपाचं भावुक वाक्य वाटतं. ‘तुझी आठवण येते’ मात्र या दोन्हींत बसत नाही. तिथे मिस : आय मिस यू. बस चुकली तरी मिसच, आठवण येवो न येवो.

दोन्ही पूल तोकडे पडतात तेव्हा

काही शब्दांना मराठीही एक आणि हिंदीही एकच शब्द देते. तिथे पुलाचा उपयोग नाही, कसोटी लावावी लागते. सगळ्यात जास्त चुका ‘पर्यंत’ आणि ‘पासून’ या दोनच शब्दांवर होतात, म्हणून ते नीट घेऊ.

‘पाच वाजेपर्यंत थांब’ आणि ‘पाच वाजेपर्यंत ये’. पहिल्यात थांबणं पाचपर्यंत सतत चालू आहे, तिथे टिल किंवा अन्टिल. दुसऱ्यात येणं एकदाच होणार आहे, पाचच्या आत कधीही, तिथे बाय. कसोटी : ‘पर्यंत’ काढून ‘च्या आत’ घालून बघा. वाक्य टिकलं तर बाय, मोडलं तर टिल. ‘पाचच्या आत ये’ टिकतं. ‘पाचच्या आत थांब’ मोडतं. शनिवारपर्यंत फॉर्म भरा – सबमिट बाय सॅटर्डे. शनिवारपर्यंत ऑफिस उघडं आहे – ओपन टिल सॅटर्डे. ऑफिसच्या ईमेलमध्ये ही चूक झाली तर समोरच्याला मुदतच कळत नाही. ‘आय विल सेंड द फाइल टिल मंडे’ वाचून तो विचारात पडतो, की हा सोमवारपर्यंत रोज फाइल पाठवत बसणार का.

‘पर्यंत’ इथे थांबत नाही. पाचशे रुपयांपर्यंत – अप टू फाइव्ह हंड्रेड रुपीज. राजवाड्यापर्यंत चालत गेलो – ॲज फार ॲज राजवाडा. दोन दिवसांच्या आत – विदिन टू डेज, आणि दोन दिवसांनी – इन टू डेज. शेवटच्या दोघांत गल्लत झाली की एक माणूस उद्या वाट बघतो आणि दुसरा परवा येतो.

‘पासून’ची कसोटी प्रश्नाने लागते. ‘पासून’च्या आधीचा शब्द ‘किती?’ला उत्तर देत असेल तर फॉर : फॉर टू डेज, फॉर टेन इयर्स. तो शब्द कॅलेंडरवर किंवा घड्याळात बोट ठेवून दाखवता येत असेल तर सिन्स : सिन्स मंडे, सिन्स २०१०. कुठून सुरू आणि कुठे संपलं दोन्ही सांगायचं असेल तर फ्रॉम : फ्रॉम टेन टू फाइव्ह. एवढं करूनही रजेचा अर्ज अर्धाच सुधारतो, कारण क्रियापद राहून जातं. ‘मी २०१०पासून इंदुरात राहतोय’ यातला ‘राहतोय’ वर्तमानकाळ आहे, तो जसाच्या तसा ‘आय ॲम लिव्हिंग’ होऊन बसतो. इंग्रजीला इथे ‘हॅव बीन’ लागतं : आय हॅव बीन लिव्हिंग इन इंदोर सिन्स २०१०. तापाच्या अर्जात ‘आय हॅव हॅड फीवर फॉर टू डेज’. ‘सफरिंग फ्रॉम’ चुकीचं नाही, पण दोन दिवसांच्या तापाला इतका मोठा शब्द नको.

‘बंद’. दार, डबा, दुकान, खातं, पंखा, दिवा, पाऊस, रडणं, घड्याळ, लिफ्ट, रस्ता – मराठीत सगळं बंद होतं. इथे विरुद्धार्थी शब्दाने निवाडा होतो. उलट ‘उघड’ असेल तर क्लोज किंवा शट. उलट ‘चालू’ असेल आणि ते बटण किंवा तोटी फिरवून होत असेल तर टर्न ऑफ. दार उघडतं, म्हणून क्लोज द डोअर. पंखा उघडत नाही, चालू होतो, म्हणून टर्न ऑफ द फॅन. दुकानाचं उलट दोन्ही होतं, तरी क्लोज्डच म्हणा. रडणं बंद कर – स्टॉप क्राइंग. घड्याळ बंद पडलंय – द वॉच हॅज स्टॉप्ड. लिफ्ट बंद आहे आणि दुरुस्त व्हायचीय – आउट ऑफ ऑर्डर. मोर्चेवाल्यांचा बंद मात्र बंदच राहतो. तो शब्द इंग्रजी शब्दकोशांनीही घेतलाय.

‘भाडं’ पटकन उरकू. घराचं महिन्याचं भाडं रेंट, रिक्षा-बसमधल्या प्रवाशाचं फेअर, ट्रकच्या मालाचं फ्रेट, लग्नासाठी एका दिवसाला घेतलेल्या बसचं हायर. रिक्षावाला मालकाला रोज जे देतो ते रेंट, आणि आपण रिक्षावाल्याला देतो ते फेअर. एकच रिक्षा, दोन भाडी. घरमालकाला भाडेकरूच्या तोंडून ओनर म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. इंग्रजीत त्याला लँडलॉर्ड म्हणतात.

बॉरो आणि लेंड. उसनं घेणे बॉरो, पुढे फ्रॉम. उसनं देणे लेंड. दिशा क्रियापदातच असल्याने ‘कॅन यू बॉरो मी युवर पेन’ म्हणजे उलटी गंगा. किराणावाल्याकडची उधारी या दोन्हींत येत नाही, ती ऑन क्रेडिट.

जिथे अर्थ उलटा होतो

आतापर्यंतच्या चुकांनी वाक्य ओबडधोबड होतं, पण कळतं. ‘डाउट’ आणि ‘सस्पेक्ट’ चुकले तर वाक्य व्याकरणाने शुद्ध राहतं आणि अर्थ नेमका उलटा होतो. म्हणून ही जोडी सगळ्यात धोक्याची.

‘मला शंका आहे की पैसे त्यानेच घेतले.’ आपल्या मनात आहे : बहुधा त्यानेच घेतले. याचं ‘आय डाउट दॅट ही टुक द मनी’ केलं तर अर्थ होतो, ‘त्याने घेतले असतील असं मला वाटत नाही’. ज्याच्यावर संशय घ्यायचा होता त्यालाच आपण प्रशस्तिपत्र दिलं. पाहिजे होतं ‘आय सस्पेक्ट ही टुक द मनी’. कसोटी : वाक्य ‘मला वाटतं’ने सुरू करा. शेवट ‘नाही’वर झाला तर डाउट, ‘आहे’ किंवा ‘केलं’वर झाला तर सस्पेक्ट. मराठीत शंका आणि संशय हे दोन शब्द आहेत खरे, पण आपण ते अदलून बदलून वापरतो, म्हणून त्यांच्यावर विसंबू नका.

वर्गातलं ‘सर, आय हॅव अ डाउट’ हे भारतात सगळ्यांना समजतं आणि आपापसात त्याला कुणी हरकत घेणार नाही. परदेशी क्लायंटसमोर मात्र ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणा. त्याच्या कानांना ‘डाउट’ म्हणजे तुमच्या बोलण्यावर माझा विश्वास नाही असं ऐकू येतं.

रिफ्यूज आणि डिनाय असेच. यायला नकार दिला – रिफ्यूज्ड टू कम. मागे केल्याचा आरोप नाकारला – डिनाइड टेकिंग इट. एक पुढे बघतं, एक मागे.

आणि घरातून निघताना आपण ‘येतो’ म्हणतो, ‘जातो’ म्हणणं अशुभ. त्याचं ‘ओके, आय ॲम कमिंग’ झालं की समोरचा खुर्ची पुढे सरकवतो. निघताना ‘आय ॲम लीव्हिंग’. तिथे शुभ-अशुभ कुणी मोजत नाही.

अर्थ एकच, पण जागा वेगळी

स्टार्ट, बिगिन, कमेन्स. इथे अर्थात फरक शोधणाऱ्याचा वेळ वाया जातो. १०६६ मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबार आणि कोर्ट फ्रेंचमध्ये चालू लागलं, आणि इंग्रजीत एकेका गोष्टीला घरगुती आणि दरबारी असे दोन शब्द झाले. पुढे लॅटिनमधून तिसराही आला : किंगली, रॉयल, रीगल. आस्क, क्वेश्चन, इंटरॉगेट. आपल्याकडे ‘सुरू’ आणि ‘प्रारंभ’ असतात तसंच हे. सभेला प्रारंभ होतो, गॅस सुरू होतो. गॅसला प्रारंभ केला तर घरचे हसतील. कमेन्स नोटिशीत आणि परीक्षेच्या वेळापत्रकात. यंत्र, गाडी, धंदा यांना फक्त स्टार्ट. ‘बिगिन द स्कूटर’ होत नाही. बाकी ठिकाणी स्टार्ट आणि बिगिन यांत काहीही घ्या.

कचऱ्याचे शब्द इंदूरवाल्याला यायलाच हवेत. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ ते २०२३ सलग सात वेळा पहिला नंबर आलाय, त्यातला शेवटचा सुरतेच्या जोडीने. पाहुण्याला समजावताना नुसतं ‘डर्ट’ म्हणून भागत नाही. डर्ट म्हणजे मळ, धूळ, माती. घरातून गाडीत टाकतो तो गार्बेज. सरकारी आणि तांत्रिक भाषेत वेस्ट, म्हणून ओला कचरा वेट वेस्ट आणि सुका ड्राय वेस्ट. रस्त्यावर कुणी टाकून दिलेला कागद, पुडी, दोना हे लिटर. ते क्रियापदही आहे, म्हणून पाटीवर ‘डू नॉट लिटर’. सांडपाणी सूएज, आणि ते वाहून नेणारी पाइपांची व्यवस्था सूअरेज. ‘साफ’चेही दोन : घाण काढली तर क्लीन, अडथळा काढला तर क्लिअर. नाली तुंबली असेल तर आधी क्लिअर द ड्रेन, मग क्लीन.

वही कशी ठेवायची

बरोबरचं चिन्ह वहीतून हद्दपार करा. एका जोडीला अर्धं पान द्या. वर दोन्ही शब्द, खाली प्रत्येकाचं चार-पाच शब्दांचं एकच वाक्य, ते स्वतःच्या रोजच्या कामातलं, आणि शब्दापुढे काय येतं ते अधोरेखित : टेल मी, से टू मी. शेवटी कसोटीचा एक मराठी शब्द : ‘च्या आत’, ‘किती?’, ‘चालू’. अर्थ लिहूच नका. दिवसाला दोन जोड्या पुरेत. पाच केल्या तर त्या आपसात मिसळतात, आणि एकसारख्या दिसणाऱ्या जोड्या एकाच दिवशी तर कधीच घेऊ नयेत. राइज-रेज आज केलं तर लाय-ले चार दिवसांनी.

शब्दकोश शिकणाऱ्यांसाठी बनवलेला, इंग्रजी-इंग्रजी घ्या. अशा बऱ्याच कोशांत क्रियापदाशेजारी ‘टी’ किंवा ‘आय’ हे अक्षर असतं. ‘टी’ म्हणजे याला कर्म लागतं, ‘आय’ म्हणजे लागत नाही. राइज-रेजचं भांडण त्या एका अक्षरात मिटतं. समानार्थी शब्दांचा कोश मात्र या कामाला घेऊ नका. तो शब्द एका रांगेत उभे करतो, त्यांच्यातला फरक सांगत नाही, आणि आपलं दुखणं फरकाचंच आहे. मोबाइलच्या भाषांतर ॲपला एकटा शब्द दिला तर तेही बरोबरचंच चिन्ह काढून देतं. त्याला पूर्ण वाक्य द्या, मग आलेलं इंग्रजी वाक्य परत मराठीत फिरवून बघा. ‘पाच वाजेपर्यंत ये’ टाकून परत ‘पाच वाजेपर्यंत ये’ आलं नाही तर मध्ये काहीतरी घसरलंय.

शंका उरलीच तर दोन शब्दांचा तुकडा अवतरणचिन्हांत घालून सर्च करा. ‘हेवी रेन’ पानोपानी सापडेल, ‘स्ट्राँग रेन’ त्या मानाने कमी. पाऊस जोराचा असला तरी इंग्रजीत तो जड असतो आणि वारा बलवान, यामागे तर्क शोधू नका. आपल्याकडे तहान लागते, ताप येतो आणि उचकी लागते, त्यालाही तर्क नाही.

काही जोड्या अजिबात सोडवत बसू नका : बिग आणि लार्ज, शट आणि क्लोज, टिल आणि अन्टिल. यांची अदलाबदल झाली तर शंभरातल्या नव्वद वाक्यांत कुणाला कळणारही नाही. तो वेळ ‘डाउट’ला द्या.